वरून घातलेलं पाणी

— तिथंच ठेव तो तांब्या, उंबऱ्यावर. आत नको येऊस. तसं न्हाय गं इस्तेर, येऊच नको म्हणत न्हाय, पण ताप हाय ना अंगात, तुला लागंल, आन् तुझी आई म्हणंल, पोरगी सोलापूरच्या शाळेतनं धडधाकट आली आन् ह्या म्हातारीनं पाडली. बस पायरीवर. तुझीच पायरी हाय ती, लहानपणापास्नं. — व्हय, घागर पालथी हाय. बघितलंस व्हय? तुझं पहिल्यापास्नं असंच, तोंडानं काय बोलायची न्हाईस, पण डोळ्यानं सगळं उचलून घेशील. पार्वतम्मा होती तवर दोन घागरी दारात आणून ठेवायची, माझ्या गुडघ्यांना आडापर्यंत चालणं झेपत न्हाय म्हणून. आता पार्वतम्मा गेली. अख्खी गल्लीच गेली की. रझाकारांचा धाक — गाड्या भरल्या, दारं ओढून घेतली, आन् येडशीच्या वाटेनं हद्दीपल्याड बार्शीकडं. ढोकीत ह्या गल्लीला आता कुत्रं भुंकलं तर ते माझ्यावरच भुंकतंय म्हणायचं. पार्वतम्मा जाताना म्हणाली, चला काकू. म्या म्हटलं, जा तुमी, माझ्याजवळ काय हाय लुटायला. खरं सांगू का — तिनं एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर गेले असते.

काय म्हणाली तुझी आई, परत सांग. — अंगातला ताप उतरंस्तवर आमच्याकडं चला. व्हय. शेवंता असती तर तीबी हेच म्हणाली असती, तुझी आजी. पण कसं येऊ गं? घराला कुलूप घालून जायचं म्हंजी — न्हाय, चोरण्यासारखं काय न्हाय, आत्ताच म्हटलं की म्या. पण घर ते घर. आन् तुमची वस्ती वेशीच्या पल्याड, माझे गुडघे असे. गाडी आणतो म्हणाला तुझा बाप? गाडी आणंल तो. गुणाचा हाय. बघू. ऊन उतरू दे, मग बघू. घसा कोरडा पडलाय, जास्त बोलवत न्हाय मला. — पिते की. प्यायले असते, पण ताप असताना एकदम गार पाणी सोसत न्हाय. राहू दे तिथंच, जरा ऊन लागू दे त्याला.

मागच्या गल्लीतली अजीजाबीबी सकाळी येऊन गेली. दारातनंच म्हणाली, मल्लम्मा, पानी लाऊं क्या. म्या म्हटलं, हाय घरात. तिनं घागरीकडं बघितलं न्हाय, मान खाली घालून गेली. भली बाई. जुनी शेजारीण, तिला ठावं हाय कुणाला काय विचारायचं आन् कुठं थांबायचं.

तुझी आजी मातूर थांबायची न्हाय. शेवंता ह्याच गल्लीत येऊन उभी राहायची, काखेत तुमच्या ख्रिस्ती शास्त्राचं पुस्तक, काळी छत्री, आन् कुणी ऐको न ऐको, मोठ्यानं वाचायची. पोरं खडे मारायची तिच्या छत्रीवर. मी दाराआड. मालक नुकतेच गेले होते — महालिंगप्पा गं, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, पटकीची साथ आली आन् सकाळी दुकान उघडलेला माणूस दिवेलागणीला न्हाय. म्या काय करायचं ठेवलं होतं? सोमवार धरले, जंगमांना जेवू घातलं, लिंगपूजा एक दिवस चुकू दिली न्हाय, बाळंतपणात, तापात, कवाच न्हाय. आन् दीर बेंबळीहून आले नि म्हणाले, वहिनी, तुमच्या पूजेत कायतरी चुकलं असणार. झालं. तवापास्नं मी ते चुकलेलं शोधत बसले. पूजेची वाटी घासायची, परत घासायची. पाणी सोवळ्यात आणलं होतं का? वाटेत सावली तर पडली न्हाय ना कुणाची? रडायला सवडच न्हाय, सगळा दिस घासण्यात. तशात एक दिस शेवंता दारासमोर वाचत होती, की माणूस काय काय करतो त्यानं देवापुढं नीट ठरत न्हाय, कितीबी करू दे, पुरत न्हाय. देवानं आपल्या लेकराला पाठवून ते भरून काढलंय, आपण नुसता भरवसा धरायचा. म्या हातातली वाटी खाली ठेवली. आन् झोपले. भर दुपारी. लगीन होऊन ह्या घरात आल्यापास्नं दुपारची कवा आडवी झाले नव्हते मी. उठले तर शेवंता निघून गेलेली, आन् वाटी तशीच, अर्धी घासलेली. ती तशीच फळीवर ठेवून दिली म्या.

तवापास्नं मी प्रभूची. कुणी काय म्हणो. — मग बाप्तिस्मा का घेतला न्हाय? तू न्हाय विचारलंस, पण पाळकसाहेबांनी विचारायला सांगितलं असंल तुला. न्हाय? बरं, न्हाय तर न्हाय. मीच सांगते. हे गळ्यातलं लिंग. जन्मल्याबरोबर बांधलं माझ्या आईनं, उमरग्याकडं माहेर माझं, तिथं स्वामींच्या हातनं बांधून घेतलं. हे गळ्यातनं गेलं की जीव गेला, असं ऐकत वाढले. आन् तुमचे जुने पाळक म्हणत, आधी हे काढा, मग बाप्तिस्मा. म्या म्हटलं, साहेब, मी शास्त्र वाचलंय. त्या टायमाला बी काही लोक म्हणत होते ना, की आधी सुंता करा, मग तारण? आन् शास्त्र काय म्हणतं — न्हाय, नुसता विश्वास. मग सुंता केल्याबिगर तारण हाय, तर लिंग काढल्याबिगर का न्हाय? तेबी कर्मच की. घालण्याचं कर्म तसं काढण्याचं कर्म. बोला आता. शेवंता हसली होती पदराआड. म्हणाली, मल्लम्मा, तुमी वकील व्हायचं. — हसतेस काय, खरंच म्हणाली.

म्हणून दर आयतवारी मी दाराशी बसते. प्रार्थना ऐकते, गाणीबी म्हणते, तुला ठावंच हाय, माझा आवाज वर जातो. आन् प्रभुभोजन आलं की पदर सावरते नि उठते. लिंगामुळं. सगळ्यांना ठावं हाय, लिंगामुळं. आताच्या पाळकसाहेबांनी तर पहिल्याच भेटीत म्हटलं, मल्लम्मा, राहू द्या ते गळ्यात. प्रभू तुमच्या गळ्याकडे बघत नाही. तुमचं आणि त्याचं काय ते तुम्ही दोघं बघून घ्या. तुम्ही बाप्तिस्मा घ्या आणि आमच्यात बसा. — चांगला माणूस. तरणा हाय पण चांगला हाय. तर...

तर काय. तर काय न्हाय.

पाय ओढून घे, ऊन आलं पायरीवर.

प्रभुभोजनाला एक प्याला असतो ना तुमचा, सगळ्यांत फिरणारा. पितळेचा. एकाच्या ओठाचा दुसऱ्याकडं. आता बघ, मी काय घाण म्हणत न्हाय. तुझी आई माझ्याहून स्वच्छ हाय, तिची भांडी बघून तोंड बघावं. पण लहानपणापास्नं आपल्याच घरात आमी भांड्याला तोंड लावत न्हाय, वरून पितो, सख्ख्या बहिणीचं उष्टं न्हाय चालत, मग — ते तुमाला म्हणून न्हाय. कुणालाच म्हणून न्हाय. म्या पाळकसाहेबांना विचारलं बी एकदा, मला वरून घाला, ओंजळीत, म्हंजी माझंबी राहतं नि तुमचंबी. तो हसला न्हाय. रागवला न्हाय. म्हणाला, मल्लम्मा, ह्या गावात वरून पाणी कुणाला घालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच. आन् पुढच्या आयतवारी संदेश काय दिला? की प्रभूचा एक मोठा शिष्य परक्या लोकांत जेवत होता, आन् त्याची आपली माणसं आल्यावर ताटावरनं उठला. त्याला दुसऱ्या एका शिष्यानं सगळ्यांसमोर सुनावलं, की विश्वासानं तारण म्हणतोस नि ताटावरनं उठतोस? पाळकसाहेब सगळ्यांकडं बघत बोलला, माझ्याकडं तेवढं बघितलं न्हाय. मी काय लहान हाय? त्या दिवशी मी प्रभुभोजनाच्या आधीच उठले.

आमच्या शरणांनीबी, लिंगायतांच्या संतांनी, हेच सांगून ठेवलंय, बघ. लिंग ज्याच्या गळ्यात तो आपला, मग तो कुणीबी असू दे. आमी कुठं ऐकलं. देव इकडचा म्हणतो ये, तिकडचा म्हणतो ये, आन् मी आपली घागर धुवत बसलेली.

— न्हाय गं, रडत न्हाय. तापानं डोळ्याला पाणी येतं.

ते पाणी ऊन झालं असंल आता. तू आधी पी. उन्हातनं आलीस, वेशीपास्नं हितवर, डोक्यावर पदर न्हाय काय न्हाय. पी की. तुमचाच तांब्या हाय. पी, मग मला ठेव थोडं. मला बघू दे तू पिताना, म्हंजी... पी.

—

हे काय गं?

न्हाय, न्हाय, घे, पी, थांबू नकोस. पण हे काय? तांब्या तुझा. पाणी तुझं. इथं दुसरं कोण न्हाय. आन् तू एका हातानं वरून ओतून दुसऱ्या हाताचा द्रोण करून पितेस? तुझ्याच तांब्याला तोंड न लावता? शाळेत पितेस का अशी? न्हाय. घरी? न्हाय. मग?

ह्या पायरीवर बसलीस की हात तसेच होत्यात व्हय तुझे.

म्याच शिकवलं. अक्षरं शिकवताना. कमळातला क काढलास की म्हणायचे, शाब्बास, हात पुढं कर, आन् वरनं धार धरायचे. मोठं कौतुक करायचे तुझं. गूळबी ठेवायचे, पायरीवर, तू उचलायचीस. गल्लीतल्या बाया मला नावं ठेवायच्या, की मल्लम्मानं त्या पोरीला फार जवळ केलंय. मलाबी तसंच वाटायचं. आज सकाळपर्यंत तसंच वाटायचं.

शेवंतानं बघितलं असंल. तुला न्यायला यायची तवा. कवाच बोलली न्हाय.

इकडं दे तांब्या. न्हाय, उंबऱ्यावर न्हाय, हातात दे. आत ये. ये म्हणते न्हवं? ताप बिप काय लागत न्हाय तुला, ते आपलं मी म्हणत होते. पाय धुवायची गरज न्हाय. हां, इथं. आता तू तोंड लाव त्याला. माझ्यासमोर. पुस नकोस, कशाला पुसतेस. तशीच दे.

तिकडं बघ. मला कुणी बघताना... तिकडं बघ म्हणते.

—

गार हाय अजून.

बरं. जा आता. बघत उभी राहू नकोस अशी. आईला म्हणावं, बापाला गाडी घेऊन पाठव, ऊन उतरल्यावर, आन् एकदाच विचारलं तरी पुरे म्हणावं, मी येते. आन् ती घागर घे चुलीपासची. धर, धर, फुटत न्हाय ती, तांब्याची हाय. उतरंडीला लागली तर लागू दे. जाताना घेऊन जा आन् गाडी येईल तवा भरून आण, वाटंत लागंल मला. तुमच्या आडाचं आण.