वॉर्डात शिरलेली मेंढरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय अप्पाराव सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आज कुणाचीच जीभ रेटत नाही त्या रसायनशास्त्र विभागाच्या आमच्या राजनंदिनी मॅडम, सहकारी प्राध्यापक, कर्मचारी बंधुभगिनी आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी रत्नमाला. मॅडमच्या विभागात शिकवते, आणि त्याआधी त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकले. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या संशोधनाबद्दल, पुरस्कारांबद्दल इतकं सुंदर सांगितलं की माझ्यासाठी फारसं काही उरलं नाही. म्हणून मी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच सांगते आहे. तो म्हणाला, "सांग की. पण नाव घेऊन सांग. नाव झाकलं का पोरांना वाटतं, हे दुसऱ्याच कुठल्या गावात घडतं."

तर त्याचं नाव अजिनाथ. कन्नडजवळच्या एका खेड्यातला. घरी मेंढरं. वडील वर्षातला बराच काळ कळप घेऊन लांबच्या रानात, आई मनकर्णाबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. प्रयोगशाळेत आमचं टेबल एकच होतं. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण मोजायचा प्रयोग, सगळेच करतात. पण बुरेटच्या काचनळीतून थेंब सोडता सोडता नेमक्या थेंबाला थांबणं फार थोड्यांना जमतं. एक थेंब कमी, तर फ्लास्कमध्ये नुसतं पाणीच दिसतं. एक जास्त, तर भडक गुलाबी. अजिनाथचा हात बरोबर मधे थांबायचा. पहाटे आभाळाच्या कडेला क्षणभर जो रंग येतो ना, तसा रंग त्याच्या फ्लास्कमध्ये उतरायचा आणि तिथंच राहायचा. सकाळचं ऊन खिडकीतून यायचं, मॅडम तो फ्लास्क उजेडात धरून बघायच्या. मला ते दिवस अजूनही धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात.

हा मुलगा दारूकडं कसा वळला असेल? दुःखानं? नाही हो. लाजेनं वळला. तो "लई" म्हणायचा, "व्हय" म्हणायचा, आणि वर्गातली काही मुलं हसायची. मग त्यानं बोलणंच सोडलं. इथं शहरात, गारखेड्यात ज्या खोलीवर तो राहायचा, तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाला त्याच्या हातात ग्लास दिला गेला. त्या संध्याकाळी अजिनाथ बोलला. रानातल्या गोष्टी सांगितल्या, कोल्ह्याचा आवाज काढून दाखवला. मुलं हसली, पण या वेळी त्याच्याबरोबर हसली. नंतर तो मला म्हणाला होता, "रत्नमाला, पयल्यांदा वाटलं, आपण बी शहरातलेच हाव."

ते स्वप्न किती गोड असेल! आणि स्वप्नात कुणाला कळतं का, की आपण झोपेत आहोत?

आधी वाढदिवसाला, मग शनिवारी, मग रोज. शेवटी सकाळीसुद्धा, पाण्याच्या बाटलीतून. सायकल स्टँडमागं मी त्याला पिताना पाहिलं आणि मॅडमना जाऊन सांगितलं. मुलांनी मला चुगलखोर ठरवलं. ठरवू दे.

मॅडमनी त्याला बोलावलं. "अजिनाथ, हात दाखव."

त्यानं हात पुढं केला. वारा लागलेल्या पानासारखा तो थरथरत होता.

"चहा जास्त झाला मॅडम."

"बरं. मग उद्या आपण दोघं डॉक्टरांकडं जाऊन चहाचं औषध आणू."

तो गेला नाही. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली होती. मॅडमना पुन्हा तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्यानं कुणाला न सांगता पिणं एकदम बंद केलं. परीक्षेच्या सकाळी बुरेट भरता भरता तो कोसळला. फ्लास्क फुटला, अंगाला झटके येऊ लागले. मॅडमनी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची शाल घातली, आणि आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला.

विद्यार्थी मित्रांनो, हे मुद्दाम ऐका. डॉक्टर म्हणाले, शरीराला दारूची सवय जडली की ती एकदम तोडणंही जिवावर बेततं. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या हाताखाली. त्याच्या यकृताला सूज होती. वय काय, तर तुमच्याएवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई एस.टी.नं आल्या. वॉर्डातले पडदे ओढलेले, पंखा संथ फिरत होता. अजिनाथ दाराकडं टक लावून बघत होता.

"मॅडम, मेंढरं आत आली. दार लावा ना. पलंगाखाली शिरली बघा."

दारू तुटल्यावर असे भास होतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मी म्हणणार होते, अरे, इथं काही नाहीये. मॅडमनी मला खुणेनं थांबवलं. त्या म्हणाल्या, "मी आहे दाराशी. तू घाबरू नको."

आणि मनकर्णाबाई उठल्या. पोराच्या कपाळावरून हात फिरवला. "व्हय रं, आपलीच हायती. मी नेते बाहीर." पदर खोचून त्या वाकल्या, जिभेनं हलका आवाज काढत, रिकाम्या फरशीवरून काहीतरी हाकत दारापर्यंत गेल्या. "हिर्र... चल गं... हिर्र..." क्षणभर मलाही लोकरीचा वास आल्यासारखं वाटलं. अजिनाथनं डोळे मिटले. बाहेर बाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"पोरगं शिकायला धाडलं होतं हो, मॅडम. हे कुणी शिकिवलं त्याला?"

मॅडम त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. या सभागृहात कुणाकडं याचं उत्तर आहे?

पुढं शिस्त समितीत त्याला काढून टाकण्याचा विषय निघाला. काही सन्माननीय सदस्य फारच आग्रही होते. ते आता इथं नाहीत, त्यामुळं मी निर्धास्त बोलते आहे! मॅडम उभ्या राहिल्या. "टायफॉइड झालेल्या मुलाला आपण काढतो का? पिऊन आला तर प्रयोगशाळेत मीच पाऊल टाकू देणार नाही. पण बरा होऊन आला, तर दार उघडायलाही मीच असेन."

त्याचं वर्ष वाया गेलं. दिवाळीत गावी असताना तो पुन्हा एकदा घसरला, आणि लाजेनं तोंड लपवून बसला. मॅडम जीपनं त्याच्या घरी गेल्या, मनकर्णाबाईंच्या हातची भाकरी खाल्ली आणि त्याला घेऊन थेट डॉक्टरांकडं आल्या. त्यानंतर मात्र त्यानं थेंबही घेतलेला नाही. आज तो वाळूजला एका रंगाच्या कारखान्यात, तपासणी विभागात आहे. हात पूर्वीसारखा पूर्ण स्थिर झाला नाही. पथ्यं जन्माची आहेत. जे गेलं ते सगळं परत येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मध्यंतरी आम्ही तिघं चहाला बसलो होतो. तो म्हणाला, "मॅडम, स्वप्नात मी अजून पितो. लई खरं वाटतं. रडतो बी, का आता मॅडमला काय सांगू. मग जाग येती, तोंडाला वास नसतो, आणि ती सकाळ इतकी गोड लागती... पण सांगायला कुणी नसतं."

मॅडम म्हणाल्या, "मला फोन करत जा."

तेव्हापासून अशा सकाळी मॅडमचा फोन वाजतो. तो एवढंच म्हणतो, "मॅडम, स्वप्नच होतं." आणि मॅडम म्हणतात, "हो रे, स्वप्नच होतं. चहा घे."

मॅडम, कॉलेज तुम्हाला आज निवृत्त करतंय. त्या फोनमधून मात्र तुम्हाला कुणी निवृत्त करू शकत नाही.

अध्यक्षमहोदयांनी घड्याळाकडं न बघता मला बोलू दिलं, संयोजकांनी ही संधी दिली, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तो तुमच्या मोठ्या मनात सामावून घ्या, आणि मला बसायची परवानगी द्या.