रजेचं कारण : शिकायचं आहे

बाबा : म्हणजे आजच्या पालकसभेला मी एकटाच पालक? मुलीच्या आईला निरोप नाही का दिला?

आई : चेष्टा पुरे. ती आई म्हणजे मीच, आणि आत्ता मी शिक्षिका म्हणून बसले आहे. आधी हात पुसा. टेबलावर तेलाचे डाग पडतात.

बाबा : शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला तेल नाही तर काय अत्तर लागणार? बोला मॅडम. काय केलं आमच्या पोरीनं?

आई : काहीच केलं नाही! तीच तर तक्रार आहे. भिंतीवरचं वेळापत्रक काढून तीन आठवडे झाले. तीन आठवड्यांत तुमच्या भिंगरीने एक गणित सोडवलेलं नाही, की एक धडा वाचलेला नाही. नऊ वर्षांची घोडी दिवसभर तुमच्या दुकानात जमिनीवर लोळत असते.

बाबा : लोळत नाही. मशीनखाली झोपून वर बघते. आमच्या धंद्यात त्याला तपासणी म्हणतात.

आई : आणि मुख्याध्यापिकाबाईंना बारा वाजेपर्यंत उत्तर द्यायचंय. माझी जुनी जागा रिकामी झाली आहे. भिंगरीलाही चौथीत घेतायत. हो म्हटलं तर सोमवारपासून दोघींनी जायचं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्या कुणाची तरी होईल, आणि मला काही पुन्हा बोलावणार नाहीत.

बाबा : त्याच शाळेत? जिथे पोरगी सहा महिने तोंड उघडत नव्हती? तुझ्याच शाळेतल्या एका बाईंनी तुला विचारलं होतं ना, की तुमची मुलगी बोलते का हो?

आई : विसरले नाही मी. म्हणून तर बारा वर्षांची नोकरी सोडून घरी शाळा काढली.

बाबा : काढलीस ती काढलीस, घंटेसकट काढलीस! सायकलची घंटी वाजवून मुलीला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेणारी तूच. हजेरीपटावर एकच नाव, आणि तेही रोज खणखणीत आवाजात पुकारायचीस. पोरगी समोर हातभर अंतरावर बसलेली.

आई : शिस्त म्हणून एक गोष्ट असते.

बाबा : पाणी प्यायचं तर बोट वर. आईला हाक मारायची तर मॅडम. एकदा मधल्या सुट्टीत तू तिचा पापा घ्यायला गेलीस, तर म्हणाली, मॅडम, डबा खाऊ द्या.

आई : ते लागलं होतं मला.

बाबा : आणि मग तो रजेचा अर्ज आला.

आई : तो अर्ज काढू नका हं.

बाबा : खिशातच असतो माझ्या. ऐक. 'माननीय वर्गशिक्षिका यांस. मला सात दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती. रजेचं कारण : थोडं शिकायचं आहे. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. तुझीच तयारी.

आई : हसा, खुशाल हसा. तो अर्ज वाचून मी मोरीचा नळ सोडून रडले होते, म्हणजे तुम्हाला ऐकू जाऊ नये. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने वेळापत्रक उतरवलं. म्हटलं, शीक बाई, तुला वाटेल ते, वाटेल तेव्हा. झालं मनासारखं? आता तीन आठवड्यांत काय शिकली ते दाखवा मला.

बाबा : मी काय दाखवू? तुझ्याकडे वही आहे की.

आई : कसली वही?

बाबा : ती, जिच्यावर तू बसली आहेस. आण इकडे. 'सकाळी नऊ वाजून दहा. खिडकीत मुंग्या बघितल्या. विज्ञान, वीस मिनिटं.' 'साडेनऊ. एका मुंगीला नाव ठेवलं. भाषा.' 'पावणेदहा. मुंगी गर्दीत हरवली, रडली.' इथं विषयाची जागा कोरी का?

आई : ठरवता येईना.

बाबा : 'अकरा. नुसती बसली. अकरा वीस. अजून नुसतीच. बारा. काय करतेस विचारलं, म्हणाली, काही नाही.' आणि पुढे विषय लिहिलायस तत्त्वज्ञान, मग खोडलायस. अगं, वेळापत्रक भिंतीवरून काढलंस आणि वहीत लपवलंस!

आई : मग काय करू? काहीच नोंद नको? उद्या कुणी विचारलं की पोर घरी काय करते, तर काय सांगू, मुंगीसाठी रडते?

भिंगरी : बाबा! बाबा, ते परत टक करतंय! पडदेवाल्या काकूंचं मशीन! चला ना लवकर! आणि ती वही कशाला काढली?

आई : तू आत ये, बस. तुझ्याबद्दलच बोलणं चाललंय.

भिंगरी : वही मिट आधी. वही उघडी असली की मी नाही बोलत.

आई : का गं? माझ्या वहीने तुझं काय घोडं मारलं?

भिंगरी : तू पडद्यामागे उभी राहून लिहितेस. मुंग्यांच्या वेळी पडद्याखालून तुझी पावलं दिसत होती. मी मुद्दाम जास्त वेळ बघितलं.

आई : मुद्दाम?

भिंगरी : हो, कारण की तू लिहीत होतीस. मला कधीच उठायचं होतं. पण म्हटलं, आई एवढी उभी आहे पायात गोळे येईपर्यंत, तर बघू अजून थोडं.

बाबा : म्हणजे वीस मिनिटांतली दहा तरी आईवर दया म्हणून. विज्ञानातून वजा कर गं.

आई : तुम्ही गप्प बसा. भिंगरे, खरं सांग. मी जवळ आले की तुझं शिकणं बंद पडतं का?

भिंगरी : बंद नाही पडत. पण मग ते माझं राहत नाही. तुझं होतं.

आई : ऐकलंत? बारा वर्षं चाळीस-चाळीस पोरं सांभाळली मी. दंगेखोर, रडकी, बाकाखाली लपणारी. आणि पोटची पोर म्हणते, तू आलीस की माझं काही उरत नाही. ठरलं तर मग. बाईंना कळवते, येते म्हणून. तिकडे मला बघून मुलं निदान उभी तरी राहतात.

भिंगरी : कुठे येतेस? कोणत्या बाई?

आई : शाळेत. सोमवारपासून. तुलाही यायचंय, चौथीत. आता बाकं नवीन केली आहेत, आणि त्या जुन्या बाई नाहीत तिथं. तुझा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच आहे. मधल्या सुट्टीत भेटशील मला. चांगलं होईल की नाही? अगं, काय म्हणतेय मी? चांगलं होईल ना?

(भिंगरी काही बोलत नाही. बराच वेळ.)

बाबा : अगं, बघ तिच्याकडे.

आई : बघतेय. भिंगरी, असं नको ना करूस. हे असं तोंड नको करूस. ते सहा महिने पुरे झाले मला. रागाव, नको म्हण, पाय आपट, काय वाटेल ते बोल. पण बोल.

भिंगरी : मशीन टक करतं.

आई : काय?

भिंगरी : काकूंचं मशीन. पायाने चालवलं की मधूनच टक करतं. काकू काल परत घेऊन आल्या, म्हणतात, त्यात काहीतरी शिरलंय. बाबांनी तीन वेळा वरचं डोकं उघडलं. काही सापडलं नाही.

बाबा : सापडायला काही असायला हवं ना! पट्टा उतरवून हाताने फिरवलं तर लोण्यासारखं चालतं. टक नाही, टुक नाही. पंचवीस वर्षांत असं मशीन बघितलं नाही मी.

भिंगरी : आई, तुला माहितेय ते टक कशाने होतं?

आई : मला? मला कुठून माहीत असणार?

भिंगरी : खरंच नाही माहीत? की माहीत असून विचारतेस, मॅडम विचारतात तसं?

आई : मी कुठे विचारतेय? तूच विचारतेस. आणि मला नाही माहीत. तुझी शपथ.

भिंगरी : मग चल ना! तू ये. वही नको आणूस. बाबा, तुम्ही पण चला.

बाबा : पालकसभा तहकूब झाली म्हणायची.

आई : अगं, हळू ओढ, हात निखळेल माझा. हे का ते मशीन?

भिंगरी : हो. आता मी पाय मारते. ह्या वरच्या चाकावर मी खडूची खूण केलीये. खूण वर आली की एक टाका. ऐक हं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, टक! ऐकलंस? परत आठ होतील, टक. मग नऊ होतात. मग परत आठ, मग परत नऊ. मी सकाळपासून मोजतेय. त्याला नक्की ठरवताच येत नाही.

आई : आठ, आठ, नऊ. आठ, नऊ. थांब, थांब. ह्याचा अर्थ...

भिंगरी : आई, तू आत्ता काहीतरी गिळलंस.

आई : काही नाही. थुंकी गिळली.

बाबा : एवढी मोठी?

आई : अहो, तुम्ही त्या डोक्याचाच विचार करा. भिंगरी, आवाज वरून येतोय असं नाही वाटत मला. खालून येतोय.

भिंगरी : मग तू खाली झोप. वरून दिसत नाही.

आई : ह्या कपड्यांवर? बरं. सरका जरा. अगंबाई, इथं किती किसपट साचलंय! कधी झाडलंय का इथं? मार पाय. मार अजून. हं. अहो, हा पट्टा कुणी बसवला?

बाबा : मी. परवाच. नवा कोरा पट्टा आहे. का?

आई : ह्याच्या जोडाला जी तार मारलीये, तिचं टोक बाहेर आलंय. ते वरच्या चाकावरून गेलं की आपटतं. टक!

भिंगरी : बघू, बघू! सरक! हो! हो, आईला सापडलं! बाबा, तुम्हीच शिरला होतात त्यात!

बाबा : परवाच्या घाईत टोक दाबायचं राहिलं असणार. आणि मी तीन वेळा डोकं उघडलं.

आई : मशीनचंच उघडलंत ना? दुसरं तसंच राहिलं.

बाबा : घ्या, मॅडमनी सूड उगवला. भिंगरी, पक्कड दे इकडे. एक दाब दिला की काम फत्ते.

भिंगरी : नको! नका ना दाबू! टोक दाबलं तर टक बंद होईल!

बाबा : बंदच करायचंय बाळा. काकू दुपारी न्यायला येतील.

भिंगरी : पण मला अजून कळलं कुठंय? टोक एकच आहे. पट्टा पण तोच. मग कधी आठ आणि कधी नऊ का? आई, आठही नाही आणि नऊही नाही, असं मधलं काही असतं का?

आई : असतं.

भिंगरी : किती?

आई : हे बघ, मी तुला खडू घेऊन सगळं सांगू शकते. पण... नाही सांगत. आणि खरं म्हणजे ह्या पट्ट्याचं किती, ते मलाही माहीत नाही. पुस्तकात पट्टा नव्हता. मोजावं लागेल.

भिंगरी : कसं?

आई : तूच सांग. नाही, हे परत मॅडमसारखं झालं. मला असं वाटतंय की एक टक मोजून उपयोग नाही. बरेच टक मोजले तर? पाच टक होईपर्यंत चाक किती वेळा फिरतं ते बघू. पण मी चुकत असेन हं.

भिंगरी : तू चुकत असशील?

आई : असेन की. का, मी चुकू नये?

भिंगरी : नाही, चूक की. चूक, चूक. मला काही हरकत नाही. मी पाय मारते, तू खूण बघून मोज. बाबा टक मोजतील. बाबा, बोटांवर मोजा, तोंडाने नको, नाहीतर आईचं आणि तुमचं मिसळेल.

बाबा : आमच्या दुकानात आम्हीच बोटांवर. चला.

आई : मार पाय. एक, दोन, तीन... तेवीस, चोवीस, पंचवीस... सावकाश मार, पळवू नकोस... तेहेतीस, चौतीस...

बाबा : अगं, फोन वाजतोय.

आई : सदतीस, अडतीस...

बाबा : शाळेतून आहे. बाईच आहेत. काय सांगू?

आई : सांगा, आम्ही दोघी येत नाही.

बाबा : नीट विचार करून सांगतेस ना? कारण विचारतील त्या. जागा गेली तर गेली.

आई : जाऊ दे. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, ते मी नंतर बघेन. कारण विचारलं तर खरं तेच सांगा. मुलीने मला एक प्रश्न विचारलाय आणि मला उत्तर येत नाही.

भिंगरी : बोलू नका ना मध्ये! गेलं सगळं मोजलेलं! आई, आता परत पहिल्यापासून.

आई : मार पाय. एक.