मम्हिर लुबाबांची पेटी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आयते हदुश, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले शेख अब्दुलवासी, शिक्षण कचेरीतून एवढ्या धुळीतून आलेल्या श्रीमती लेतेब्रहान, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे आज कामं टाकून आलो त्या आपल्या शिक्षिका मम्हिर लुबाबा, समोर बसलेले त्यांचे नवे-जुने विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आईवडील, आणि मागे शेगडीपाशी धुरात बसून आपल्या सगळ्यांसाठी कॉफी करणाऱ्या झेमझेममावशी, सर्वांना माझा सलाम.

मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक आत्ताच गेलं.

मी भाषण करणाऱ्यांपैकी नाही. मी पाणी कचेरीत काम करते, विहिरींची पातळी मोजते. त्यामुळे मोठमोठी विशेषणं माझ्याकडून होणार नाहीत. ती आयते हदुश यांनी आधीच सगळी वापरली आहेत. मी फक्त जे पाहिलं आणि ऐकलं ते सांगेन.

मम्हिर लुबाबांनी या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी सातवीच्या वर्गाला त्या शेजारच्या नेगाश गावापर्यंत चालत नेत. मुसलमान मुलं असोत की ख्रिस्ती, कोणालाही सूट नसे. तिथे पैगंबरांच्या साथीदारांच्या कबरींजवळच्या भिंतीच्या सावलीत बसवून त्या गोष्ट सांगत. समोर बसलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. तरी तिचा एक भाग मला आज पुन्हा सांगायचा आहे, कारण माझं बोलणं त्यावर उभं आहे.

मक्केत छळ सोसवेना तेव्हा पैगंबरांनी आपल्या काही साथीदारांना सांगितलं, समुद्रापलीकडे जा, तिथला राजा कोणावर अन्याय होऊ देत नाही. ते इकडे, आपल्या देशात आले. मागोमाग मक्केचे दूत भेटवस्तू घेऊन आले आणि म्हणाले, ही आमची पळालेली माणसं आहेत, परत द्या. राजाने त्या माणसांना बोलावून विचारलं, तुमचं म्हणणं काय? आणि त्यांच्यातले हजरत जाफर उभे राहिले. राजा ख्रिस्ती, दरबार ख्रिस्ती. आवडेल तेवढंच बोलून सुटता आलं असतं. त्यांनी आदल्या दिवशी आपसांत ठरवलं होतं, जे खरं आहे तेच सांगायचं, मग होईल ते होवो. राजाने ऐकून घेतलं आणि भेटवस्तू दूतांच्या हातात परत दिल्या.

इथे मम्हिर नेहमी थांबत आणि विचारत, "यातून काय शिकलात?"

कोणी म्हणे, खरं बोलावं. कोणी म्हणे, पाहुण्याला जपावं. आमच्या वर्गातला बेरिहू म्हणाला होता, "भेटवस्तू आधी उघडून बघाव्यात." त्याला परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या उचलाव्या लागल्या होत्या. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि हसतो आहे.

माझी थोरली बहीण मेकिया माझ्या आधी चार वर्षं त्याच भिंतीच्या सावलीत बसली होती. तिने उत्तर दिलं नाही, उलटा प्रश्न विचारला. ती तशीच होती.

"मम्हिर, उद्या आपल्याला समुद्र ओलांडून तिकडे जावं लागलं, तर आपल्याला कोण ठेवून घेईल?"

आणि मम्हिर म्हणाल्या, "ज्यांच्या पूर्वजांनी आपल्या घरची भाकरी खाल्ली, ते विसरतील होय?"

वर्गाला हे उत्तर फार आवडलं. मेकियाने घरी येऊन आईला सांगितलं. आईने ओट्यावर जमलेल्या बायकांना सांगितलं. गेली चौदाशे वर्षं आपण सगळेच एकमेकांना हे सांगत आलो आहोत. जगात दुसऱ्या कुठल्या गावाला असा भरवसा वाटत असेल, मला माहीत नाही.

नऊ वर्षांपूर्वी, मी सतरा वर्षांची असताना, मेकिया कामासाठी तिकडे निघाली. वाटेत वाळवंट, मग बोट, मग पुन्हा वाळवंट. ज्या समुद्रावरून पैगंबरांचे साथीदार आले, त्याच समुद्रावरून ती उलटी गेली. मी तिला म्हणाले, "तिकडे तुझं कोण आहे?" ती म्हणाली, "तू सातवीत झोपली होतीस वाटतं."

निघण्याच्या दिवशी सकाळी तिने स्वतः कॉफी भाजली, कुटली, तिच्या काळ्या मातीच्या सुरईत, जेबेनामध्ये, उकळली. ही जेबेना आमच्या आजीने घडवलेली, मान जरा डावीकडे कललेली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरी बरकतीची. तिसरा पेला घेतल्याशिवाय आपल्यात कोणी उंबरा ओलांडत नाही, रागावलेला सोयरासुद्धा नाही. तेवढ्यात गाडीवाल्याने भोंगा वाजवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा मेकिया उठली.

आई म्हणाली, "बस गं. तिसरा घे."

ती म्हणाली, "तो आल्यावर घेईन. तेवढ्यासाठी तरी यावं लागेल ना मला."

आणि जाता जाता तिने जेबेना धुऊन, पुसून, नेत्सेलाच्या पांढऱ्या शालीत गुंडाळली आणि मम्हिर लुबाबांच्या घरी नेऊन ठेवली. आमच्या घरी का नाही? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "तू सगळं मोजतेस आणि सगळं पाडतेस."

हे खरं आहे. कचेरीतले माझे सहकारी साक्ष देतील.

अशी ती एकटी नव्हती. या गावातून जो कोणी गेला, त्याने जाताना मम्हिरांकडे काहीतरी ठेवलं. कोणी शाळेचा दाखला, कोणी घराची किल्ली, एकाने तर फुटबॉलचे बूट. मम्हिर त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधत, नाव लिहीत आणि लाकडी पेटीत ठेवत. कारण विचारलं तर हजरत अलींचं नाव घेत. मक्का सोडायची वेळ आली तेव्हा लोकांच्या ठेवी पैगंबरांच्या घरी होत्या. जीवावर उठलेल्या लोकांच्यासुद्धा. आणि त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी अली मागे थांबले. जीव वाचवायचा होता, तरी आधी ठेवी. मम्हिर म्हणत, "माणूस जाताना काय नेतो ते सगळे बघतात. जाताना काय परत करतो ते बघा."

मधल्या लढाईच्या वाईट दिवसांत गाव सोडून डोंगरात पळावं लागलं, तेव्हा लोकांनी पीठ घेतलं, पांघरुणं घेतली. मम्हिरांनी पेटी घेतली. तिचं दुसरं टोक आयते हदुश यांनी धरलं होतं. ते तेव्हा साधे गणिताचे मास्तर होते आणि बरेच बारीकही होते. चढावर त्यांना धाप लागली. ते म्हणाले, "मम्हिर, यात दगड भरलेत काय?"

मम्हिर म्हणाल्या, "माणसं आहेत. नीट धर."

आयते हदुश, मान हलवू नका, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. निवडुंगाच्या कुंपणाखाली तुम्ही दोघांनी ती पुरली आणि गाव शांत झाल्यावर उकरून काढली. एकही चिठ्ठी सुटली नव्हती.

आता मेकियाबद्दल. ती सुखरूप पोहोचली होती. एका मोठ्या घरात कामाला लागली. दर शुक्रवारी फोन करायची. तक्रार तिने कधी केली नाही. एकदा मात्र हसत म्हणाली, "तोफिका, इथल्या आजीबाईंनी विचारलं, तुझं गाव कुठलं? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, नेगाशजवळचं. त्यांना माहीतच नव्हतं."

"मग?"

"मग मी सगळी गोष्ट सांगितली. राजा, दूत, भेटवस्तू, सगळं. आजीबाई रडल्या गं. डोळे पुसले. मग म्हणाल्या, जिना पुसायचा राहिलाय."

आम्ही दोघी खूप हसलो. जिन्याचं मी आईला सांगितलं नाही.

पुढे लढाईची दोन वर्षं आपल्या सगळ्यांचेच फोन बंद होते. ते सुरू झाले तेव्हा प्रत्येक घरातून कोणाचा ना कोणाचा तरी आवाज ऐकू आला. आमचा फोन लागला नाही. अजून लागत नाही. मी शुक्रवारी लावते.

मम्हिरांचे गुडघे आता चालत नाहीत. उद्या सकाळच्या गाडीने त्या मुलाकडे, अन्वरकडे, हवासाला जाणार. हजार किलोमीटर. परत येणं होईल असं त्या म्हणत नाहीत आणि आपणही म्हणू नये. गेल्या आठवड्यात त्या काठी टेकत घरोघर फिरल्या आणि एकेक ठेव परत करून आल्या. किल्ल्या परत गेल्या, दाखले परत गेले, बूटही गेले. परवा त्या आमच्या दारात आल्या. हातात नेत्सेलाचं गाठोडं.

मी दार अर्धंच उघडलं होतं.

त्या म्हणाल्या, "तोफिका, ही घे."

मी म्हणाले, "आम्ही मागितली नाही."

"मी चाललेय गं. माझ्यानंतर कोण सांभाळणार?"

"मग घेऊन जा हवासाला."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "वर्गात मी तिला जे बोलले ना, ते चुकलं. त्या भरवशावर ती गेली. माझ्यावर रागाव. पण जेबेना घे."

मी दार लावलं. शेजारच्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. आईने विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, कोणी नाही. बत्तीस वर्षं ज्यांनी या गावाला शिकवलं, त्यांना मी कोणी नाही म्हणाले.

का? जेबेना मम्हिरांच्या पेटीत आहे, म्हणजे मेकिया ती घ्यायला येणार आहे. ती आमच्या फळीवर आली, म्हणजे ती फक्त एक भांडं झाली. आमच्या कामात पातळी मोजायची तर विहिरीच्या काठावरची एकच खूण धरावी लागते. खूण हलली की आधीची सगळी मापं वाया जातात. माझी खूण त्या पेटीत होती.

दोन दिवस मी विचार केला. तो थोडक्यात सांगते.

मम्हिर, तुम्ही म्हणालात, माझं चुकलं. मला तसं वाटत नाही. आम्ही सगळ्यांनी गोष्टीचं चुकीचं टोक धरलं. राजाने त्यांना ठेवून घेतलं ते त्यांच्या नातवंडांनी आपल्याला ठेवून घ्यावं म्हणून नव्हे. तसं असतं तर त्याने भेटवस्तूही ठेवून घेतल्या असत्या. हजरत जाफर खरं बोलले ते राजा खूश होईल म्हणून नव्हे. अली मागे थांबले, पण समोरच्यांनी परतफेड म्हणून काही केलं असं तुम्ही कधी सांगितलं नाहीत. परत काय मिळेल हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलं नाही. तुम्हीही पेटी डोंगरावर नेली तेव्हा पाहिलं नाही. मेकियाला तुम्ही जे सांगितलंत ते एका वाक्याचं उत्तर होतं. पुढची सगळी वर्षं तुम्ही जे केलंत ते खरं उत्तर होतं. ते मला उशिरा वाचता आलं.

आणखी एक आठवण सांगते. नेगाशला गोष्ट संपल्यावर सगळी मुलं धावत सुटायची. मी एकदा मागे राहिले होते. तुम्ही कबरींकडे बघत होतात. मला म्हणालात, "जे परत गेले, त्यांना तिकडे जहाजवाले म्हणून मान मिळाला, दोन स्थलांतरं केली म्हणून. त्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. हे मात्र इथेच राहिले. यांच्या आयांना कोणी जाऊन सांगितलं असेल का गं?" तेव्हा मला वाटलं, हा परीक्षेत येणारा प्रश्न नाही. आता तो मला रोज येतो. मेकियाची कबर कुठेतरी आहे असं मी म्हणत नाही. ती जिवंत आहे असंही म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. मी एवढंच म्हणते की तिकडे कोणी ना कोणी तिचं नाव चिठ्ठीवर नीट लिहून ठेवलं असावं.

मम्हिर, तुमच्या खुर्चीखाली काय आहे ते मला इथून दिसतंय. पांढरं गाठोडं आहे, मान डावीकडे कललेली. तुम्ही ते सगळ्या गावासमोर मला द्यायला आणलंत की जाताना माझ्या दारात ठेवायला, ते मी विचारत नाही.

ते द्या. पण परत केलं असं म्हणू नका. ते माझं नाही, मेकियाचं आहे. परत करायचं ते फक्त तिच्या हातात. मला सांभाळायला द्या, चिठ्ठीसकट. आणि पेटीत अजून तीन गाठोडी उरली आहेत, ज्यांची घरंच आता राहिली नाहीत. तीही द्या, आणि पेटीही. माझ्या कचेरीत एक कपाट आहे. त्याला कुलूप आहे आणि तिथे गळत नाही, मी दोन पावसाळे पाहिलं आहे. पडू देणार नाही. उचलताना आयते हदुश यांना दुसऱ्या टोकाला धरायला सांगेन.

माझी मिनिटं संपली आहेत, शेखसाहेबांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. या सभेचं आमंत्रण दिल्याबद्दल शाळेची, आणि परवा बंद झालेल्या दारासमोरून रागावून न जाता आज इथे येऊन बसल्याबद्दल मम्हिरांची मी आभारी आहे. बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं मन दुखलं असेल, तर मला लहान समजून सोडून द्या. परवाच्या दारासाठी मात्र मला तशी सूट नको. ती माफी मी मम्हिरांकडे मागते, सगळ्यांसमोर.

आता शेवटचं. झेमझेममावशींच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत. तिसरीचं पाणी उकळतंय, आवाज येतोय. गाडी उद्या सकाळची आहे, म्हणजे आज कोणी भोंगा वाजवणार नाही. मम्हिर, बसून राहा. तिसरा घेऊनच उठा. आमच्या घरातलं एक माणूस दुसऱ्या पेल्यावर उठून गेलेलं आहे.