बारा म्हणजे बारा

...आणि वर मलाच विचारतो, ‘भावोजी, सहा तारांत काय वाजत नाही हो?’ आता तुम्हीच सांगा, दातांच्या डॉक्टरला यावर काय उत्तर द्यायचं? मेहुणा माझा. बायकोचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, पण दिवसभर लोकांना आ करायला लावून ‘काढून टाकू’ म्हणायची सवय, ती घरी आला तरी जात नाही. अरे बाबा, माझी गिटार बारा तारांची आहे! सहा जोड्या. दोघी शेजारीशेजारी, एकदम छेडायच्या, म्हणजे कसं... एक बाई गातेय आणि स्वयंपाकघरातून तिची बहीण साथ देतेय. त्यातल्या सहा काढा म्हणतो! मी सांगून टाकलं, बारा म्हणजे बारा.

लावायला वेळ लागतो, मान्य. लागतोच. बारा खुंट्या पिळत शेवटच्या तारेपर्यंत पोचावं तर पहिली उतरलेली. खिडकी उघडली, उतरली. पंखा लावला, चढली. मी शिंकलो तरी बिघडते, तुम्हाला खोटं वाटेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुंट्यांची ती गर्दी. छेडतोय एक तार आणि पिळतोय तिच्या शेजारणीची खुंटी! सूर हलेना म्हणून आपण आणखी पिळतो, आणखी पिळतो, आणि ती बिचारी शेजारीण, जिला कुणी काही विचारलंच नव्हतं, ती फाटकन तुटून कानाखाली येते. तिसऱ्या जोडीतली बारीक. कायम तीच. कपाटाच्या खणात माझ्याकडे सगळ्या तारा सुट्या पडल्यात, तेवढी एक सोडून.

त्यात यंदा तारांच्या ताणाने खालची पट्टी उचकटली. जिच्यात तारा अडकवतात ती, ब्रिज. नेली दुरुस्तीवाल्याकडे. म्हातारा फार बोलत नाही. त्याने खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि पट्टीखाली सरकवलं. गेलं की हो आत, पार फोन नंबरापर्यंत! म्हणाला, ‘एवढा ताण सोसवत नाही आता. सहा काढा, म्हातारपण सुखात जाईल.’ कुणाचं, ते बोलला नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही चिकटवा, बारा म्हणजे बारा. त्याने चार दिवस शिकंज्यात आवळून ठेवली आणि परत देताना बजावलं, तारा जरा ढिल्या लावा, आणि पट्टी पुन्हा उचकटली तर माझ्याकडे आणू नका.

घरी आलो तर बायको दारात. ती भांडत नाही हो, तेच वाईट. म्हणाली, ‘अहो, रविवारी लग्नाला वीस वर्षं होतील. मला काही नको. एक गाणं वाजवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.’

मी हसणार होतो. पण आठवायला लागलो आणि... नाही हो. एकदाही नाही! वीस वर्षांत त्या बाईने माझं नुसतं लावणंच ऐकलंय. पहिलं कडवं संपायच्या आत कुठली तरी तार उतरायची, मी म्हणायचो ‘एक मिनिट’, आणि ती उठून भाजी बघायला जायची. वीस वर्षं भाजी बघतेय ती! ‘नाहीच जमलं,’ ती म्हणाली, ‘तर भाऊ म्हणतो तसं करू. सहा काढून टाकू.’ लाज वाटली मला, अगदी मनापासून वाटली. पण तोंडातून काय निघावं? बारा म्हणजे बारा!

रविवार. सकाळी नऊपासून मी आतल्या खोलीत. अकरा वाजता मेहुणा आला, बाहेरून त्याचा आवाज, ‘ताई, अजून लावतायत? मी भूल देऊ का?’ मी इकडे कान लाकडाला टेकवून. अकरा तारा लागल्या. ऐकताय ना, अकरा! राहिली तिसऱ्या जोडीतली जाड. छेडली, जरा खाली होती. पिळली. हलेना. आणखी पिळली. हलेना. बाहेरून हसण्याचे आवाज, माझ्या हाताला घाम, आणखी थोडी पिळली आणि...

फाटकन. बारीक गेली.

मी तसाच बसलो. खणात ती तार नाही, रविवारी दुकान उघडं नाही. बायको दार ढकलून आत आली, हातात झारा. तिने लोंबणारी तार बघितली, माझा लाल झालेला कान बघितला, आणि दार लावून घेतलं. ‘किती उरल्या?’ म्हटलं, अकरा. म्हणाली, ‘चालतील. चला बाहेर, वाजवा.’

वाजवलं. जाड कधी लावली, लावली की नाही, आठवत नाही. डोळे मिटले आणि वाजवलं. दुसऱ्या कडव्याला एक तार उतरली, मला स्वच्छ कळलं, ‘एक मिनिट’ अगदी ओठांवर आलं, आणि मी ते गिळलं. शेवटची ओळ झाली, डोळे उघडले, तर ही झारा घेऊन तिथेच उभी. भाजी करपल्याचा वास घरभर, आणि बाई जागची हलली नव्हती.

तेवढ्यात मेहुणा म्हणतो, ‘मानलं भावोजी. आज कळलं, सहा तारांत ही मजा नाही. बारा म्हणजे बारा!’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

सोमवारी मी ती बारीक तार आणली. एक नाही, सहा आणल्या. लावायला बसलो तर ही शांतपणे म्हणते, ‘राहू दे ना. वीस वर्षांत पहिल्यांदा सुरात वाटलं.’ मी ताडकन उठलो, म्हटलं, हे बघ, आपला शब्द म्हणजे शब्द, बारा म्हणजे... बारा म्हणजे...

अकरा. पण मेहुणा आला की मी ती मोकळी खुंटीसुद्धा पिळतो. तुम्ही त्याला सांगू नका.