मेव्हण्याची नजर

सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघायला जाताना कुणालाही न्या, पण मेव्हण्याला नेऊ नका! धाटावच्या कंपनीत आठ वर्षं शिफ्ट मारून जमवलेल्या पैशांत बसणारी एकच दोन दारांची लाल गाडी मला वरसे गावात सापडली. इंजिन मेकॅनिकनं बघून दिलं. रंग बघायला मी मेव्हण्याला पेणहून मुद्दाम बोलावलं. हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवतो तो, म्हटलं रंगात याला कोण फसवणार?

मालक म्हणाला, "अपघात नाय, साधा ओरखडासुद्धा नाय." मेव्हणा गाडीभोवती दोनदा फिरला आणि गप्प उभा राहिला. मी टोकन द्यायला पाकीट काढलं. तेवढ्यात आठवलं म्हणून घरून खिशात घालून आणलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक डाव्या दाराला लावलं, तर ते टपकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. म्हणजे चेपलेल्या पत्र्यावर बोटभर पुट्टी थापलेली!

"उन्हानं होतं तसं," मालक म्हणतो. उन्हानं? मला काय कालचा समजला काय हा? पाकीट खिशात घातलं आणि तडक निघालो.

रस्त्यात मेव्हण्यावर खेकसलो, "तुला एवढंसुद्धा दिसलं नाय?"

"दिसलं की, भावोजी. गेल्या महिन्यात ही गाडी पेणच्या गॅरेजात आलेली, तेव्हा ते दार मीच पुट्टी भरून रंगवलंय."

"मग तिथं तोंड का नाय उघडलंस?"

त्यावर लाज वाटायची सोडून हा मलाच विचारतो, "पण खरं सांगा, नुसत्या नजरेनं ओळखलं असतंत काय?"