सत्ताविसावा प्रश्न

(विद्यापीठाची व्यायामशाळा, जूनमधली दुपार. दाराशी तिघं उभे आहेत : जुने प्रशिक्षक कुरामोची, इतिहासाचे प्राध्यापक तोगावा आणि क्लबचं कामकाज पाहणारी विद्यार्थिनी शिओमी. पलीकडे चार मुली गाद्या अंथरताहेत.)

शिओमी : अठ्ठावन्न, सर. साठ हवे होते.

कुरामोची : पंच्याऐंशी असतील. उलटं वाचलं असशील.

शिओमी : सुलटच वाचलंय. खाली ‘अनुत्तीर्ण’ असा शिक्का आहे. तो मात्र त्यांनी उलटा मारलाय, पण वाचता येतो.

कुरामोची : आणि आपले प्राध्यापकसाहेब?

तोगावा : त्याला तसा काही अर्थ नाही, कुरामोचीसान. मी पुस्तकी माणूस. पाठ केलं आणि ओकलं.

कुरामोची : किती ओकलंत?

तोगावा : शहाण्णव.

कुरामोची : वा. बारा वर्षं या जिम्नॅस्टिक्स क्लबचे सल्लागार आहात, दर एप्रिलात कागदावर शिक्का मारता. या दारातून आत कितीदा आलात?

तोगावा : आज पहिल्यांदाच.

कुरामोची : तरीच बुटांसकट आलात. काढा ते.

तोगावा : अरेच्चा. माफ करा हं.

शिओमी : नवा नियम वाचून दाखवते, म्हणजे नंतर वाद नको. आजपासून परवानाधारक प्रशिक्षक हजर असल्याशिवाय एकाही मुलीने साधनावर चढायचं नाही. परीक्षेला तुम्ही दोघं बसलात, पास झाले एक. म्हणजे प्रशिक्षक तोगावासर. कुरामोचीसर, तुम्ही त्यांचे मदतनीस.

कुरामोची : एकतीस वर्षांच्या चाकरीनंतर बढती मिळाली म्हणायची.

शिओमी : मदतनिसाने खेळाडूला हात लावायचा नाही, असंही लिहिलंय.

कुरामोची : मग पडली तर काय टाळ्या वाजवायच्या?

तोगावा : असं बघा, मी त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो. तेराव्या शतकातल्या जमिनीच्या दाव्यांचे कागद तपासायचेच आहेत मला. कायद्याच्या दृष्टीने मी हजर, शिकवायचं तुम्ही. आपल्या देशात सम्राट नावापुरते बसले आणि कारभार भलत्यांनीच पाहिला, असं शतकानुशतकं चाललंय. कोणाचं काही बिघडलं नाही.

शिओमी : रोजची नोंदवही मी लिहिते, सर. ‘सूचना कोणी दिल्या’ असा रकाना आहे तिच्यात.

कुरामोची : पोरीला खोटं लिहायला लावायचं नाही. जा साहेब, तुम्हीच द्या सूचना. ती बीमपाशी उभी आहे ना, ती मिझोगुची. दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारच्या स्पर्धेत त्या फळीवर मागची कोलांटी घेणार आहे. फळीची रुंदी दहा सेंटीमीटर.

तोगावा : दहा हे पुस्तकातही होतं. पण प्रत्यक्षात फारच कमी दिसतात हो. आणि जाऊन बोलू काय?

कुरामोची : शहाण्णव गुण माझे आहेत का तुमचे?

तोगावा : हां, प्रकरण चौथं. ‘चढण्यापूर्वी खेळाडूची विचारपूस करावी.’ करतो. मोजे घसरताहेत माझे.

शिओमी : भिंतीकडेने जा, सर.

कुरामोची : चालला बघ. शेतात बगळा फिरतो तसा.

शिओमी : सर, एक विचारू? कार्यालयाने तुमची उत्तरपत्रिकाही पाठवलीय.

कुरामोची : फाडून टाक.

शिओमी : वाचून झाली. प्रश्न सत्ताविसावा, गुण तीन. ‘आज भीती वाटते, असे खेळाडू म्हणाल्यास प्रशिक्षकाने काय करावे?’ खाली चार पर्याय आहेत. तुम्ही तो कोराच सोडलाय.

कुरामोची : पेनातली शाई संपली होती.

शिओमी : पेन्सिलची परीक्षा होती ती. आणि अठ्ठाविसावा सोडवलाय तुम्ही.

कुरामोची : तू क्लब कसला चालवतेस, पोलिसात जा.

शिओमी : उत्तर ‘क’ होतं. ‘साधनावरून उतरवून त्याचे म्हणणे ऐकावे.’ शेंबड्या पोरानेही खूण केली असती. तेवढी केली असतीत तर एकसष्ट झाले असते.

कुरामोची : मला माहीत होतं, ‘क’ आहे ते.

शिओमी : मग?

कुरामोची : किताबाताके नावाचा मुलगा होता माझ्याकडे. तू तेव्हा दोन वर्षांची असशील. आडव्या बारवर तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. एक दिवस म्हणाला, सर, आज भीती वाटते. मी म्हटलं, भीती बुटांबरोबर दाराबाहेर ठेवायची असते. चढ वर.

शिओमी : चढला?

कुरामोची : शिस्तीचा होता ना. चढला, आणि मानेवर आला. चार महिने दवाखान्यात होता. आता काठी घेऊन चालतो. तोयामा शहरात चष्म्यांचं दुकान आहे त्याचं. दर सप्टेंबरात मला नाशपातींची पेटी पाठवतो, आत चिठ्ठी असते. ‘सरांच्या शिकवणीमुळे आज उभा आहे.’ टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मनापासून लिहितो, गाढव.

शिओमी : म्हणून खूण नाही केलीत.

कुरामोची : पेन्सिल टेकवली होती. मग वाटलं, या उत्तराचे मला तीन गुण मिळणार. त्याच्या मानेचे. नको म्हटलं. इतरत्र कुठेतरी मिळवीन असं वाटलं होतं. तो आडाखा चुकला.

शिओमी : कोणाला सांगितलंय हे?

कुरामोची : बायकोला सांगायचो. दर वर्षी पेटी फोडताना. तीही ऐकायची बिचारी, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. ती गेल्यापासून पेटी तशीच शेजारी देतो.

शिओमी : सर, तिकडे बघा. मिझोगुची खाली बसलीय. तोगावासर तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेत.

कुरामोची : काय करून ठेवलं त्या पंडिताने?

शिओमी : थांबा, येताहेत.

तोगावा : कुरामोचीसान, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. मी पुस्तकातले प्रश्न विचारले हो फक्त, ओळीने. झोप झाली का? झाली. जेवलीस का? भाताचे दोन गोळे खाल्ले. कुठे दुखतंय का? नाही. भीती वाटते का? तर ‘हो’ म्हणाली आणि रडायलाच लागली. पुढच्या ओळीत काय होतं तेच मला आठवेना.

कुरामोची : कधीपासून वाटते म्हणाली?

तोगावा : तीन आठवडे झाले. पाय सुटले की फळी कुठे गेली तेच कळत नाही म्हणते.

कुरामोची : तीन आठवडे मी तिच्याशेजारी उभा होतो. रोज. हाताच्या अंतरावर.

तोगावा : तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही तिला.

कुरामोची : आणि तुम्हाला झाला.

तोगावा : वाटलं असेल, याला यातलं काही कळत नाही, याला सांगायला काय हरकत आहे.

कुरामोची : शिओमी, तुला ठाऊक होतं?

शिओमी : शंका होती.

कुरामोची : मग मला का नाही बोललीस?

शिओमी : तुमच्यासमोर मुली खोकलाही दाबून ठेवतात, सर.

कुरामोची : हं.

तोगावा : आता रविवारचं काय? ती नसली तर?

शिओमी : संघाला चार लागतात, आपल्याकडे चारच आहेत. तिघी गेल्या तर संघ म्हणून धरतच नाहीत. पुढच्या वर्षी खालच्या गटात.

तोगावा : तिथून वर यायला किती वर्षं लागली होती?

शिओमी : नऊ.

तोगावा : कुरामोचीसान, हे तुम्हीच ठरवा. मला कसला अधिकार?

कुरामोची : अधिकार तुम्हालाच आहे. माझ्या कागदावर काय शिक्का आहे ते ऐकलंत की.

तोगावा : निदान तुम्ही काय केलं असतंत, ते तरी सांगा.

कुरामोची : ते शिओमीला आत्ताच सांगून झालंय. तुम्ही ते करू नका.

तोगावा : म्हणजे नाव मागे घ्यायचं. बरोबर ना?

कुरामोची : मला विचारू नका, साहेब. नुसतं म्हणा.

तोगावा : मिझोगुची रविवारी खेळणार नाही.

कुरामोची : लिही, शिओमी. आणि जाऊन सांग तिला.

तोगावा : नऊ वर्षं, कुरामोचीसान.

कुरामोची : मोजता येतं मला.

तोगावा : मी आपलं म्हटलं. मला वाटलं होतं, शहाण्णव गुण मिळाल्यावर असलं ठरवणं सोपं जाईल.

कुरामोची : अठ्ठावन्नातही सोपं जात नाही. आली बघा. काय म्हणाली गं?

शिओमी : कुरामोचीसर रागावलेत का, असं विचारत होती.

कुरामोची : तू काय सांगितलंस?

शिओमी : म्हटलं, त्यांना आजपासून रागवायचा परवाना नाही.

तोगावा : शिओमी, अगं काय हे.

कुरामोची : असू द्या. हसली का?

शिओमी : थोडीशी. नाक पुसत. घरी जाऊ का म्हणतेय.

कुरामोची : घरी नको. खोलीत बसून छताकडे बघत राहील. जमिनीवर आखलेली रेघ आहे ना, तिच्यावरून चालू दे. नुसतं चालायचं. उडी नाही, काही नाही.

शिओमी : ही सूचना झाली, सर. रकान्यात नाव कोणाचं?

तोगावा : माझं. मीच दिली. काय दिली म्हणालो मी, कुरामोचीसान?

कुरामोची : रेघेवरून चालायची. आणि तिच्यापुढे तुम्ही चाला. मोजे काढून.

तोगावा : मी? चार मुलींसमोर? मला भीती वाटते हो.

कुरामोची : मग तिला सांगा तसं. ऐकून घेईल ती.