बाजारभावापेक्षा सहा कोटी कमी

(जयनगर, चौथा ब्लॉक. बेकरीच्या वरच्या मजल्यावरचं ऑफिस, म्हणजे दोन टेबलं आणि एक पंखा. चिकपेटच्या घाऊक दुकानांत कुठली साडी कुठल्या फळीवर आहे हे सांगणारं ॲप इथे तयार होतं. ध्रुव आणि शिवलीला त्याचे दोन मालक. दुपारचे तीन. चार वाजता गुंतवणूकदारांच्या कागदावर सह्या.)

ध्रुव : चौतीस कोटी. आणि एआय म्हणतंय, आपल्यासारख्या कंपनीचं व्हॅल्युएशन वर्षभरात चाळीसच्या आसपास धरलं गेलंय. दोनशे सौदे बघून सांगतंय ते. लिटरली सहा कोटी सोडून आलीस तू.

शिवलीला : कॉफी घे. गार होतेय.

ध्रुव : मी त्या मीटिंगला असायला हवं होतं.

शिवलीला : तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास की.

ध्रुव : हो. अक्कलदाढ.

शिवलीला : निघाली?

ध्रुव : कोण?

शिवलीला : दाढ.

ध्रुव : अं, नाही. ठेवलीय. ते राहू दे, हे ऐक. टर्मशीटमधली एकतीस कलमं टाकली मी त्यात. एकोणतीस बाजारात चालतात तशीच आहेत. एक ही किंमत. आणि एक विचित्र आहे, पण आपल्या बाजूने विचित्र.

शिवलीला : कुठलं?

ध्रुव : सव्विसावं. एरवी पद्धत अशी, की पैसे आले की आपले शेअर पुन्हा गोठवतात. घड्याळ शून्यावर. पुढची चार वर्षं राबून परत कमवायचे, मध्येच सोडून गेलात तर हात हलवत घरी. इथे लिहिलंय, मागची तीन वर्षं धरली जातील. उद्या कोणी गेलं तरी त्याचा पाऊण हिस्सा त्याचाच.

शिवलीला : बरं लिहिलंय की.

ध्रुव : बरं काय, त्यांच्या वकिलाला डुलकी लागली असणार. आपण गप्प बसायचं. सही करायची आणि खाली बेकरीत जाऊन दिलपसंद खायचा.

शिवलीला : वकील तासावर पैसे घेतो. त्याला डुलकी परवडत नाही. आणखी काय म्हणतंय तुझं एआय?

ध्रुव : म्हणतंय, ‘असं कलम सहसा संस्थापकाच्या मागणीवरून येतं. दोघांपैकी एक जण लवकरच जाणार असल्याची ती खूण असू शकते. सहीआधी एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्या.’

शिवलीला : मग बोल.

ध्रुव : काय?

शिवलीला : मोकळेपणाने.

ध्रुव : एक मिनिट. हे तू घालून घेतलंस?

शिवलीला : होय.

ध्रुव : तू चाललीयस? हे बरोबर नाही, शिवलीला. सोडायचंच होतं तर तोंडावर सांगायचं. मी काय परका आहे? निपाणीला तुझे अप्पा आजारी होते, पाच महिने तू इथे नव्हतीस. मी एका गिऱ्हाइकाला कळू दिलं?

शिवलीला : नाही दिलंस.

ध्रुव : मग माणसाने असं मनात ठेवून, मागच्या दाराने...

शिवलीला : स्वल्प थांब. पुढचं बोललास तर परत घ्यायला त्रास होईल. दीड महिन्यापूर्वी एका बाईंचा फोन आला होता. उमेदवारांची चौकशी करणाऱ्या कंपनीतून. ‘ध्रुव आपल्याकडे काम करतात का? वागणूक कशी आहे?’ नेदरलँड्सच्या नोकरीसाठी.

ध्रुव : तुला?

शिवलीला : सध्याच्या ऑफिसचा म्हणून तू कंपनीचा नंबर दिलास. कंपनीचा नंबर माझ्या पर्समध्ये असतो.

ध्रुव : काय सांगितलंस?

शिवलीला : वागणूक उत्तम. तेव्हा दाढेचं माहीत नव्हतं, नाहीतर तेही सांगितलं असतं.

ध्रुव : मीटिंगच्या दिवशी व्हिसाच्या ऑफिसात होतो मी.

शिवलीला : असशील.

ध्रुव : आसावरी वर्षभर तिकडे मुलीला घेऊन एकटी सगळं करतेय. मुलगी हल्ली फोनवर मला ‘जेवलात का’ विचारते. पाहुण्याला विचारावं तसं. सांगणारच होतो तुला, सह्या झाल्यावर. आधी कळलं असतं तर गुंतवणूकदार पळाले असते.

शिवलीला : नाही पळाले.

ध्रुव : त्यांना माहीत आहे?

शिवलीला : सांगूनच मागितलं ते कलम. गिरीराज सर म्हणाले, जाणाऱ्याला पाऊण हिस्सा द्यायचा तर आम्ही किंमत उतरवणार.

ध्रुव : सहा कोटी.

शिवलीला : दहा म्हणत होते.

ध्रुव : आणि मी मघापासून तुलाच झापतोय. फोन कर त्यांना. कलम काढ, चाळीस घे. मी जाईन हात हलवत.

शिवलीला : नको.

ध्रुव : तुझाही हिस्सा घटतोय त्यात.

शिवलीला : गणित मलाही येतं. ॲप ज्याने लिहिलं त्याला रिकाम्या हाताने पाठवणं बाजारात चालत असेल. मला रोज याच खोलीत बसायचंय.

ध्रुव : रागावलीयस?

शिवलीला : महिनाभर होते. रोज वाटायचं, आज सांगशील. मग मीटिंगची तारीख आली, राग बाजूला ठेवावा लागला. कधी निघायचंय?

ध्रुव : जूनअखेर.

शिवलीला : सरी, ठीक आहे. तीन महिने आहेत. तुझ्या जागी माणूस बघायला हवा. मुलाखती तू घे.

ध्रुव : तूच घे. माणसं तुला जास्त कळतात.

शिवलीला : काय की. आजवर एकच तर निवडलाय.